आजोबांची जीप, जोंगाचा विसार आणि नोकरीचा राजीनामा

वाचकाचं पत्र:

"नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातला, वय ३२. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. आमच्या गोठ्याशेजारच्या शेडमध्ये आजोबांची जीप उभी आहे. आजोबा फौजेत ड्रायव्हर होते. रिटायर झाल्यावर त्यांनी ती एका साखर कारखान्याच्या लिलावात घेतली. आरसी बुकावर महिंद्राचं १९६८ सालचं मॉडेल आहे, पेट्रोल इंजिन. गेली आठ वर्षं ती बंद आहे. आजोबा जाऊन सहा वर्षं झाली, कागद अजून त्यांच्याच नावावर. माझा विचार असा, की तिला डिझेल इंजिन टाकायचं, पुढचा पत्रा कापून लो बोनेट करायचं, मोठे टायर घालायचे आणि मिलिटरी हिरवा रंग मारायचा. त्यातच उत्तरेकडच्या एका डीलरने फोनवर जोंगा, म्हणजे फौजेसाठी बनलेली जुनी जीपसारखी गाडी, दाखवलीय. 'फौजेच्या लिलावातली आहे, कागद मागाहून करून देतो' म्हणतो आणि ५० हजार विसार मागतोय. दोन्ही गाड्या तयार करून विकाव्यात, जमलं तर नोकरी सोडून हाच धंदा करावा, असं डोक्यात आहे. जमिनीवर कर्ज मिळतंय. वडील म्हणतात, भंगाराचा नाद सोड. बायको काही बोलत नाही, पण तिला पटलेलं नाही हे कळतं. काय करू?"

उत्तर:

नाद सोडा असं मी म्हणणार नाही. जुन्या फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद मिळणाऱ्या, गाड्या ओळखणारी, त्या हाताने उघडून पुन्हा जुळवणारी माणसं आपल्याकडे कमी होत चालली आहेत, आणि मेंटेनन्सला काम करणारा तुमच्यासारखा तरुण त्यात उतरत असेल तर मला मनापासून आनंद आहे. पण तुमचं पत्र वाचताना एक गोष्ट सतत खटकत राहिली. बोनेट कुठे कापायचं, इंजिन कुठलं टाकायचं, रंग कुठला द्यायचा हे सगळं तुम्ही लिहिलंत. शेडमध्ये उभी आहे ती गाडी नेमकी कोणती, तिच्यावर मूळचं काय काय शिल्लक आहे, याबद्दल आरसीपलीकडे एक ओळ नाही. जोंगाबद्दलही तेच. जुन्या गाड्यांच्या व्यवहारात गाडी काय आहे हे आधी नक्की करायचं, ते जसंच्या तसं लिहून ठेवायचं आणि विकतानाही तेच सांगायचं. एवढं एक पाळलं तर बाकीचं सगळं शिकता येतं. हे नसेल तर हाताला कितीही कसब असो, एक दिवस अंगलट येतं.

आधी आजोबांची जीप. १९६८ सालची महिंद्रा, पेट्रोल, आणि तुम्ही तिला लो बोनेट करू म्हणताय, म्हणजे आज ती हाय बोनेट आहे. तेव्हा ती बहुतेक सीजे-३बी, म्हणजे विलीज या अमेरिकन कंपनीच्या रचनेची उंच बोनेटची जीप, असणार. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज एमबीला बसक्या बांध्याचं इंजिन होतं, २१९९ सीसी, ६० अश्वशक्तीचं. त्याचे दोन्ही व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्येच. पुढे विलीजने त्याच ब्लॉकवर नवं हेड बसवलं, इनटेक व्हॉल्व्ह वर नेला आणि ताकद ७२ अश्वशक्तीपर्यंत वाढवली. त्या बदलाने इंजिन उंच झालं आणि ते झाकायला बोनेटही उंच करावं लागलं. म्हणून सीजे-३बीचा तो चौकोनी, छाती काढलेला चेहरा. अमेरिकेत १९६८ मध्ये ती बंद झाली. महिंद्राने भारतात ती पुढे कित्येक वर्षं बनवली. म्हणजे तुमच्या गोठ्याशेजारी उभी आहे ती गाडी जगातल्या जीपप्रेमींच्या लेखी जितकी अमेरिकन, तितकीच मुंबईची आहे. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस माझगावला विलीजच्या जीपची जुळणी सुरू झाली, त्याच घराण्यातली ही.

आता बोनेट कापायचं म्हणजे काय होईल ते पाहा. आत इंजिन उंच आहे, त्यामुळे ते काढावंच लागेल. मग ग्रील बदलायची, फायरवॉल (इंजिन आणि बसायच्या जागेमधला पत्रा) कापायची, काचेची चौकट बदलायची. एवढं करून हातात उरेल ती लो बोनेटची नक्कल. हरियाणातल्या मंडी डबवालीला किंवा दिल्लीच्या मायापुरीला तयार पत्र्याच्या बॉड्या मिळतात, त्या कुठल्याही महिंद्राच्या चेसिसवर चढवून 'विलीज' म्हणून विकलेल्या गाड्या देशभर फिरताहेत. त्यात अजून एकीची भर घालायला तुम्ही अस्सल सीजे-३बी मारणार. कृपा करून हे करू नका. गंजून चाळण झालेली, आधीच तीन इंजिनं बदललेली जीप तुम्हाला गावोगाव मिळेल, हौसेचे प्रयोग तिच्यावर करा. मूळ इंजिन, मूळ आरसी आणि लिलावापासून एकाच घराची मालकी असलेली गाडी पुन्हा मिळणार नाही.

खरी युद्धकालीन जीप कशी ओळखायची हेही याच ओघात सांगतो, कारण या क्षेत्रात राहिलात तर कोणी ना कोणी तुम्हाला 'वर्ल्ड वॉरची' म्हणून काहीतरी विकायला येणारच. एमबी आणि तिची जुळी बहीण फोर्ड जीपीडब्ल्यू, या दोघींच्या ग्रीलला नऊ खाचा असतात आणि दिवे ग्रीलच्या मागे आत बसलेले असतात. युद्धानंतरच्या नागरी सीजे-२एला खाचा सात आणि दिवे मोठे, पत्र्याच्या बरोबरीने. एमबीला मागे उघडणारं फाळकं नसतं, सीजेला असतं. एमबीचे दिवे बिजागरीवर उलटे फिरवता येतात, म्हणजे रात्री इंजिनवर काम करताना त्यांचाच उजेड बोनेटखाली पडावा. चेसिसच्या अगदी पुढचा आडवा दांडा एमबीला गोल नळीचा असतो, फोर्डला पालथ्या पन्हळीसारखा, आणि फोर्डने तर आपल्या नटबोल्टांवरही इंग्रजी एफ अक्षर ठोकलं होतं. ग्रील बदलायला एक दिवस लागतो. पुढचा दांडा आणि बोल्टांची डोकी बदलायच्या फंदात सहसा कोणी पडत नाही, म्हणून आधी वाकून खाली बघा.

तुमच्या जीपला फौजेचा वेश चढवण्याबद्दल मला अजून एक वाटतं. आजोबा फौजेत होते, गाडी नव्हती. गाडी साखर कारखान्याची आहे. ऊस नोंदीला, पाहणीला शेती विभागाची माणसं ज्या जीपमधून बांधाबांधाने फिरायची, तिचा स्वतःचा इतिहास आहे आणि आपल्या भागात तो लहान नाही. दारावर कारखान्याचं जुनं नाव पुसट दिसतंय का, रंगाच्या थरांखाली मूळ रंग कुठला आहे, हे पॉलिश पेपर हळूच घासून बघा. आजोबांचा मान राखायचा तर त्यांचा सर्व्हिसचा फोटो, ते कुठल्या युनिटला होते, काय चालवत होते, हे लिहून गाडीच्या फाइलीत ठेवा. १९६५ साली खेमकरणच्या रणात अब्दुल हमीद यांनी जीपवर बसवलेल्या १०६ मिलिमीटरच्या तोफेने पॅटन रणगाडे फोडले, तेव्हा जीप चालवणारे जवानही त्या लढाईत होतेच. आजोबांच्या पिढीतल्या फौजी ड्रायव्हरला अब्दुल हमीद या नावाचा अर्थ सांगावा लागत नसे. त्यासाठी कारखान्याच्या गाडीवर फौजेची खूण रंगवायची गरज नाही.

रंगाबाबत तर कायदाच स्पष्ट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. खाजगी गाडीला तो मारता येत नाही. पेंटर म्हणेल, "सगळेच मारतात, एक शेड हलका देतो." ऐकू नका. नंबरप्लेटवर वर तोंड केलेला बाण, बंपरवर डिव्हिजनची खूण, तारांकित पाटी, यांतलं काहीही नको. त्याने लोकांची दिशाभूल होते आणि नाक्यावर उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं. राखाडी, मातकट पिवळा, निळा, विटकरी, जो मूळचा निघेल तो द्या. आरसीवर नोंदलेल्या रंगापेक्षा वेगळा देणार असाल तर आरटीओत नोंद करून घ्या.

डिझेल इंजिनाचा मोह मी समजू शकतो. पेट्रोलचा खर्च, शेतातली कामं. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे ठामपणे सांगितलं आहे. इंजिन बदलायचं किंवा इंधन बदलायचं तर आधी आरटीओची मंजुरी, मग बदल, मग आरसीवर नोंद. परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलाला ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. दंड एक वेळ भरता येईल. पण आरसीवर पेट्रोल आणि बोनेटखाली डिझेल अशी गाडी कुणाला धडकली, तर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारेल, आणि त्या वेळी गाडी तुम्ही विकलेली असेल तर नवा मालक तुमच्या दारात येईल. बेढब रुंद टायरांचंही तसंच. जुन्या ड्रम ब्रेकना आणि स्टिअरिंगच्या सांध्यांना तो भार झेपत नाही, ६.०० बाय १६ वर ती गाडी छान चालते.

मूळ इंजिन मेलेलं आहे असं गृहीत धरू नका. आठ वर्षं बंद असलेल्या गाडीला बॅटरी लावून सेल्फ मारणं ही सगळ्यात मोठी चूक. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये पातळ ऑइल थोडंथोडं सोडा आणि दोनतीन दिवस तसंच राहू द्या. मग गिअर न्यूट्रलला आहे याची खात्री करून पुढून हँडल लावा आणि हाताने सावकाश फिरवा. अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हँडलभोवती गुंडाळायचा नाही. उलटा झटका बसला तर मनगट जातं. अडलं तर जोर लावू नका, अजून ऑइल सोडा. पूर्ण फिरलं, की जुनं ऑइल काढून टाका, चेंबर उतरवा, तळाशी काय साठलंय ते बोटाने चाचपून बघा. टाकीतलं पेट्रोल कुजलेलं असणार, टाकी उतरवून धुवा, कार्ब्युरेटर उघडून चिकटा साफ करा. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुनं रबर ते सोसत नाही, म्हणून फ्युएल पंपाचा पडदा आणि सगळे पाइप इथेनॉल चालणारे घाला. व्हील सिलिंडर धरलेले असतील. ब्रेक संपूर्ण झाल्याशिवाय गाडी शेडबाहेर काढू नका, उतार असेल तर मुळीच नाही.

पुढच्या चाकांच्या गोल हाउसिंगमधून ग्रीस-ऑइल गळत असेल तर सील आणि किंगपिनच्या बेअरिंग बघा, तिथल्या ढिलाईनेच स्टिअरिंग थरथरतं. ट्रान्स्फर केसचा (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीचा) लिव्हर चार चाकांवर टाकून मऊ मातीत चालवून बघा, सुटतो का. कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र चार चाकं लावून फिरू नका. या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या एक्सलच्या मध्ये डिफरन्शियल नसतो, वळणावर दोन्हीकडची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि सगळा पीळ गिअरवर आणि क्रॉसवर (शाफ्टच्या सांध्यांवर) येतो. बऱ्याच जुन्या जिपांचे ट्रान्स्फर केस हौशी मालकांनी असेच घालवलेत.

सुटा भाग मिळाला नाही तर तुम्ही कोल्हापूरपासून लांब नाही. उद्यमनगरात जुना तुकडा नेऊन दाखवला, की लेथवर, मिलिंगवर, गरज पडली तर साचा करून ओतून देणारे कारागीर आहेत. एकच करा, काढलेला एकही मूळ भाग टाकून देऊ नका. पिशवीत घालून चिठ्ठी लावा, काढण्याआधी फोटो घ्या.

कागदाचं काम गाडीला हात लावायच्या आधी सुरू करा, कारण वेळ त्यालाच जास्त लागतो. मालक वारल्यावर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून नाव बदलून घ्यायचं असा नियम आहे. तुम्हाला सहा वर्षं उशीर झालाय, दंड भरावा लागेल, पण काम होतं. यात एक नाजूक बाब आहे. गाडी आजोबांची, म्हणजे वारस फक्त तुमचे वडील नाहीत. काका, आत्या, आजी हयात असतील तर त्या, सगळ्यांची लेखी संमती लागेल. आत्यांना विसरू नका. "भंगारच तर आहे" म्हणून आज कोणी काही बोलणार नाही, आणि गाडी चकाचक होऊन चांगल्या किमतीला गेली की मग बोलणं निघेल. आधी सगळ्यांना बसवून सांगा, सह्या घ्या, विकली तर पैशाचं काय हेही त्याच बैठकीत ठरवा.

नंबर जुना तीन अक्षरी असेल तर तो संगणकात चढलेला नसण्याची शक्यता आहे. आरटीओत बॅकलॉग एन्ट्री करून घ्यावी लागेल, त्यासाठी मूळ आरसी बुक, टॅक्सच्या पावत्या, जे असेल ते जपून ठेवा. त्यानंतर नूतनीकरण, तपासणी, थकलेला पर्यावरण कर. दुसरा रस्ताही आहे. २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांवरची, चेसिस, बॉडी, इंजिन मूळ राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, आणि आधीपासून नोंदणी असलेल्या गाडीला आपला जुना नंबर ठेवता येतो. नोंदणी दहा वर्षांची असते. पण मग तिच्यावर रोज फिरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येते. शेताला न्यायची असेल तर नेहमीची नोंदणी ठेवा. आणि बोनेट कापलंत, तर व्हिंटेजचं दार तुम्ही स्वतःच बंद केलंत, हेही ध्यानात घ्या.

आता जोंगा. विसार देऊ नका. ५० हजार काय, ५ हजारही नाही.

जोंगा मला स्वतःला फार आवडते. जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत बनलेली, निस्सानच्या 'पॅट्रोल' नावाच्या गाडीवर बेतलेली, जवळपास चार लिटरचं सहा सिलिंडरांचं पेट्रोल इंजिन, चढाला लागली की दुसऱ्या कशाची आठवण येत नाही. पण १९९९ च्या सुमारास तिचं उत्पादन थांबलं. आज कोणी म्हणत असेल की नुकतीच फौजेच्या लिलावातून काढलीय आणि पासिंग करून देतो, तर त्याला दोन प्रश्न आहेत. फौजेतून निघालेल्या गाडीच्या नोंदणीला संबंधित अधिकाऱ्यांनी दिलेलं मूळ विक्री प्रमाणपत्र, फॉर्म २१, लागतं, ते कुठे आहे? झेरॉक्स चालत नाही. आणि पंचवीसहून अधिक वर्षांची, कधीच न नोंदवलेली गाडी आजच्या प्रदूषण नियमांत तो नव्याने कशी नोंदवणार? एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्या, संरक्षणाच्या खास गाड्यांचा अपवाद सोडला तर, रस्त्यावर न येता स्क्रॅपला जाव्यात असाच नियम आहे. बाजारात अशा गाडीला सर्रास दुसऱ्याच एखाद्या मेलेल्या गाडीची आरसी जोडतात आणि चेसिस नंबर घासून तो ठोकतात. हा गुन्हा आहे, आणि गाडी जप्त होते तेव्हा ती ज्याच्या दारात असते त्याच्याकडून होते.

घ्यायचीच असेल तर आधीच नोंदणी झालेली, चालू आरसी असलेली जोंगा शोधा आणि स्वतः जाऊन बघा. चेसिसवरचा नंबर असा तपासा. डिझेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने ती जागा पुसा, रंगाचा थर असेल तर थिनरने काढा, ग्राइंडर नको. अक्षरांची खोली, अंतर, वळण सारखं आहे का बघा. आजूबाजूचा दांडा बोटाने चाचपा. घासलेली जागा किंचित पातळ आणि गुळगुळीत लागते, बाजूला वेल्डिंगची कड असते. मग आरटीओत घेतात तसा पेन्सिल फिरवून चिकटपट्टीवर ठसा घ्या आणि तो आरसीशी एकेक आकडा जुळवा. फायरवॉलवरच्या पाटीचे रिव्हेट नवे चकचकीत असतील तर संशय धरा. सरकारच्या एमपरिवहन ॲपवर मालकाच्या नावाची दिसतील ती अक्षरं, बोजा, वैधता बघा. ज्या आरटीओची गाडी आहे तिथली एनओसी, फॉर्म २८, हातात आल्याशिवाय पैशाचं बोलणं नाही. डीलर यातल्या कशालाही "आधी विसार टाका, दुसरं गिऱ्हाईक उभं आहे" असं म्हणाला, तर ती गाडी त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला मिळू द्या. फौजी अधिकाऱ्याची बदली झालीय म्हणून स्वस्तात गाडी, असं सांगून ओळखपत्राचा फोटो पाठवणारेही भेटतील. ती ठरलेली फसवणूक आहे.

आणि समजा सगळं खरं निघालं, तरी पहिल्या धंद्याची गाडी म्हणून जोंगा मी सुचवणार नाही. लिटरला चारपाच किलोमीटर, सुट्या भागांसाठी मायापुरी, बंगालमधलं पानागढ, जबलपूरकडे डोळे लावून बसायचं, आणि गिऱ्हाईक मोजकं. महिंद्राची एमएम ५४० किंवा मारुतीची जिप्सी घ्या. जिप्सीचं नागरी उत्पादन २०१९ मध्ये थांबलं, मागणी टिकून आहे आणि भाग अजून मिळतात. दिल्लीत पेट्रोल गाड्यांना पंधरा आणि डिझेलला दहा वर्षांची मर्यादा आल्यामुळे तिकडच्या गाड्या स्वस्तात दाखवतात. त्यांची नोंदणी रद्द झालेली नाही ना आणि एनओसी महाराष्ट्रासाठी निघते ना, हे आधी बघा.

धंद्याबद्दल वडिलांना जे वाटतं, त्यातलं निम्मं बरोबर आहे. जमिनीवर कर्ज काढू नका. जुन्या गाडीत अंदाजापेक्षा पैसा जास्त जातो आणि विकायला वेळ लागतो. बँकेचा हप्ता मात्र महिन्याला ठरलेल्या तारखेला येतो. हप्त्याची घाई झाली, की माणूस अर्धवट गाडी विकतो, आणि अर्धवट गाडी विकताना खोटं बोलावं लागतं. नोकरी राहू द्या. पगारातून बाजूला पडेल तेवढ्यावर आधी आजोबांची जीप उभी करा. प्रत्येक पावती वहीत लिहा, स्वतःच्या श्रमाचे तासही. ती वही संपेल तेव्हा तुम्हाला कळेल की या कामात तुमच्या हाताला खरंच किती सुटतं. मग दुसरी गाडी विकण्यासाठी घ्या. दोन गाड्यांचा हिशेब समोर असल्याशिवाय राजीनाम्याचा विषय काढू नका.

नियमित खरेदी-विक्री करायची तर १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकृतता प्रमाणपत्र लागतं. उलाढाल वाढून जीएसटी नोंदणी झाली की खरेदी-विक्रीतल्या फरकावर १८ टक्के कर आहे. तो धरून भाव काढा. आणि नाव बदलल्याशिवाय गाडी कुणाच्याही हाती देऊ नका, भावाच्या मित्रालाही नाही. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून मोकळं झालं असं होत नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की अपघात झाला तर नोंदणीवर ज्याचं नाव तोच जबाबदार, गाडी मधल्या मधे कितीही हातांतून गेलेली असो.

विकताना गिऱ्हाइकाला एक कागद द्या. चेसिस कुठलं, इंजिन मूळ की बदललेलं, बॉडीचा कुठला पत्रा नवा, कुठे वेल्डिंग केलं, कुठला भाग दुसऱ्या गाडीचा. दोघांच्या सह्या. सुरुवातीला यामुळे दोनचार सौदे मोडतील, मोडू द्या. या क्षेत्रात खरं घेणारी माणसं थोडी आहेत, एकमेकांना ओळखतात, आणि ज्याच्या कागदावर विश्वास बसतो त्याच्याकडे ती पुण्या-मुंबईहून चालत येतात. नव्या पत्र्याची नक्कल करून विकायलाही माझी हरकत नाही, गाडी कायद्यात बसत असेल आणि कागदावर 'नक्कल' असं लिहिलेलं असेल तर.

राहिल्या घरच्या दोन गोष्टी. बायकोला पटलेलं नाही असं तुम्ही लिहिलंत, पण का ते लिहिलं नाहीत. बहुधा विचारलेलं नसावं. तिला गाडीचा कंटाळा आहे, की जमिनीच्या कर्जाची भीती आहे, हे वेगळं आहे. कर्ज काढणार नाही, नोकरी सोडणार नाही, महिन्याला गाडीवर इतकेच घालणार, हे तिच्यासमोर बसून ठरवा आणि खर्चाची वही तिलाही दिसेल अशी ठेवा. वडिलांना सुट्टीच्या दिवशी अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात घेऊन जा. जुनं लोखंड नीट जपलं तर लोक तिकीट काढून बघायला येतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं बरं. आणि परत आल्यावर त्यांना विचारा, लिलावाच्या दिवशी आजोबांबरोबर कोण गेलं होतं, जीप घरी कशी आणली, कारखान्याची पावती कुठल्या ट्रंकेत आहे. ती पावती सापडली तर मला कळवा. बॅकलॉग एन्ट्रीला तिचा उपयोग होईल, आणि कारखान्याने गाडी मूळ कधी घेतली होती तेही त्यावरून शोधता येईल.